तळ्याचे पाणी गढूळ कशाने झाले, ते कसे ओळखावे

तळे गढुळले की गावात कुणीतरी हमखास सुचवतो, ‘ब्लिचिंग पावडर मारा.’ तसे करू नका. शेवाळ मरेल, पण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाईल आणि मासे उलटे होऊन तरंगतील. आधी गढूळपणा मोजा.

बादलीच्या झाकणाची 20 सेंटिमीटर व्यासाची तबकडी कापा. तिचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवा. मधल्या भोकातून न ताणणारी दोरी ओवून खाली दगड बांधा आणि दोरीवर दर 10 सेंटिमीटरला खूण करा. इटलीच्या आंजेलो सेक्की या धर्मगुरूने 1865 मध्ये समुद्रात अशीच, पण पांढरी तबकडी सोडली होती. तिला आजही त्याचेच नाव आहे.

वारा पडलेला असताना, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, सोबतीला कुणी घेऊन होडीने मध्यावर जा. गॉगल काढा. होडीच्या सावलीच्या बाजूने तबकडी हळूहळू सोडा. दिसेनाशी झाली तिथली खोली टिपा. आणखी थोडी सोडून वर ओढा. पुन्हा दिसू लागली ती खोलीही टिपा. दोन्हींची सरासरी म्हणजे पारदर्शकता. तबकडी टेकूनही दिसत असेल, तर आकड्याऐवजी ‘तळ दिसला’ एवढेच लिहा. कुडचड्याचे नंदा तळे (गोव्यातले पहिले रामसर स्थळ, 2022) घ्या किंवा गावचे कुठलेही. मानस (पाणी अडवायचे दार) उघडून शेतीला पाणी सोडले की तळे उथळ होऊन असे व्हायचेच.

आता काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी तांबडा थर बसून वरचे पाणी निवळले, तर ती डोंगरउतारावरची माती. पावसात हे आलेच. मात्र वर कुठे डोंगर कापलाय का, ते बघून या आणि काठावरचे गवत ‘साफसफाई’च्या नावाखाली काढू देऊ नका. पाणी हिरवेच राहिले, तर शेवाळ. मग शेतातले खत, धुण्याचे पाणी, शोषखड्ड्याचा पाझर यांतले काय तळ्यात येते, ते काठाने फिरून शोधा. ती वाट बंद झाल्याशिवाय शेवाळ हटत नाही.

नितळ पाण्यालाही भुलू नये. जलपर्णीच्या दाट सावलीत शेवाळ वाढत नाही, पाणी छान दिसते, पण प्राणवायू नसतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडत असतील, तर तेच समजा. आणि जंतू तबकडीला दिसत नाहीत. पिण्यासाठी किंवा पोहण्यासाठी पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या.

मोजणी दर महिन्याला त्याच जागी करा आणि आदल्या दिवशी पाऊस पडला होता का, तेही वहीत लिहा.