पिल्लू चावतंय? मग आधी या चुका थांबवा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिला आठवडा कौतुकात जातो. मग मनगटांवर ओरखडे दिसायला लागतात, गाऊनच्या काठाला भोकं पडतात आणि कोणीतरी म्हणतंच, "हे मोठं झाल्यावर कोणाला तरी फाडणार." दोन-तीन महिन्यांच्या जिवाबद्दल असं ऐकलं की मला फार वाईट वाटतं. अशाच बोलण्यातून पुढे ते पिल्लू बाल्कनीत बांधलं जातं, नाहीतर कोणाला तरी देऊन टाकलं जातं. या वयातलं चावणं बहुतेक वेळा खेळातलं असतं, किंवा हिरड्या शिवशिवतात म्हणून असतं. ते लवकर कमी होणार की महिनोन्‌महिने चालणार, हे मात्र बरंचसं घरातल्या माणसांवर ठरतं.

आधी दातांचं समजून घेऊ. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात यायला लागतात आणि सहाव्या ते आठव्या आठवड्यापर्यंत २८ दात पुरे होतात. ते इतके टोकदार असतात की पिल्लाने जोर लावला नाही तरी टोचतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या मधल्या काळात सगळ्यात जास्त चावाचावी होते. लादीवर एखादा बारीक दात सापडला किंवा खेळण्याला रक्ताचा ठिपका दिसला, तर घाबरू नका.

फार लहान पिल्लू आणणं

किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. दिवसातून कितीतरी वेळा हे घडतं. चार-पाच आठवड्यांचं पिल्लू उचलून आणलं की हे शिक्षण अर्धवट राहतं आणि त्याची भरपाई आपल्या हातांना करावी लागते. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. तरीही "लहान असताना घ्या, लवकर लळा लागेल" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका.

हात हेच खेळणं

बाबा सोफ्यावर बसून पिल्लासमोर बोटं नाचवतात, ते झडप घालतं, सगळे हसतात. तासाभराने तेच पिल्लू आजीच्या हाताला लागतं आणि ओरडा खातं. बाबांचा हात चालतो आणि आजीचा चालत नाही, हे त्याला कळणार कसं? म्हणून खेळ कायम वस्तूनेच. दोरी किंवा कापडी खेळणं निदान हातभर लांब असावं, म्हणजे तोंड आणि बोटं यांच्यात अंतर राहतं.

तरीही चावलं तर हात झटक्याने मागे ओढू नका. पळणारी वस्तू पकडायची हा त्याचा स्वभाव आहे, आणि ओढताना कातडीही जास्त फाटते. हात सैल सोडा, हलू नका, बोलू नका, त्याच्याकडे बघू नका. ते सुटलं की उठून बाजूला व्हा. मागे येऊन पायाला लागलं, तर दाराच्या पलीकडे जाऊन २०-३० सेकंद थांबा. मग परत या आणि शांतपणे खेळणं पुढे करा. दात लागले की खेळ संपतो, एवढंच त्याला कळायला हवं, आणि ते प्रत्येक वेळी तसंच घडायला हवं. पहिले काही दिवस ते आणखी जोरात चावेल, कारण आजवर चालत आलेली युक्ती अचानक चालेनाशी झालेली असते. नेमकं इथेच बहुतेक घरं कंटाळून उपाय सोडून देतात. एवढे दिवस निभावून न्या.

त्याला बाथरूममध्ये कोंडणं हा मात्र याचा पर्याय होऊ शकत नाही. तिथे पाच मिनिटांनी ते फक्त घाबरलेलं असतं.

"आई गं!" असं ओरडायचा सल्ला बरेच जण देतात. काही पिल्लं दचकून थांबतात, काहींना त्या आवाजाने आणखी चेव येतो. दोन-तीनदा करून बघा. चेव येत असेल तर गप्प राहिलेलं बरं.

मारणं, तोंड दाबून धरणं

वर्तमानपत्राची गुंडाळी, नाकावर टिचकी, जबडा मुठीत आवळणं, उताणं पाडून दाबून ठेवणं. हे सगळं अजूनही सर्रास चालतं आणि मला ते मनापासून नकोसं वाटतं. तोंडाकडे येणारा हात म्हणजे मार, असं एकदा डोक्यात बसलं की पुढे कान साफ करणं, गोळी देणं, डॉक्टरांनी दात तपासणं, सगळंच अवघड होतं. गुरगुरल्याबद्दल मारलं तर त्याहून वाईट होतं. गुरगुरून कुत्रा आपल्याला सांगत असतो की मला हे नको आहे. मार खाऊन तो गुरगुरणं सोडतो, त्याची भीती तशीच राहते, आणि एक दिवस तो काहीच न सांगता चावतो.

झोप मोडणं

माझ्या मते फ्लॅटमधल्या पिल्लांच्या चावण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. पिल्लाला दिवसात १८ ते २० तास झोप लागते. आपल्याकडे मात्र सकाळी डबे, दुपारी बघायला आलेले शेजारी, संध्याकाळी सोसायटीतली मुलं, रात्री टीव्ही. डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी उचलून घेतं. मग सात-आठच्या सुमाराला ते सैरावैरा धावतं, नावाने हाक मारली तरी बघत नाही, खाऊ पुढे केला तरी खाऊ सोडून बोटच पकडतं. लोकांना वाटतं, अंगात मस्ती आहे, अजून खेळवून दमवू. प्रत्यक्षात ते आधीच दमलेलं असतं आणि जास्त खेळवल्याने जास्त चावतं.

तासभर जागं राहिलं की दीड-दोन तास झोप, असा साधारण क्रम ठेवा. जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर एक कोपरा किंवा पिंजरा, त्यावर जुनी चादर, चघळायला काहीतरी. आणि झोपलेल्या पिल्लाला कोणीही, पाहुण्यांनीसुद्धा, हात लावायचा नाही. आठवडाभर हे पाळून बघा. पुष्कळ घरांत संध्याकाळचा धुडगूस एवढ्यानेच ओसरतो.

चार माणसं, चार शब्द

आई "सोड" म्हणते, मुलगा "नो", आजोबा "हाड", आणि ताई काहीच न बोलता हसते. सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवा आणि तो शिकवा. पिल्लाच्या तोंडात खेळणं असताना उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा नाकाजवळ धरा. तोंड उघडलं की "सोड" म्हणा, तुकडा द्या आणि खेळणंही परत द्या. सोडलं तरी वस्तू परत मिळते, हे कळलं की ते विश्वासाने सोडायला लागतं.

मुलं किंचाळत पळाली की पिल्लू मागे लागणारच. हाताची घडी घालून जागच्या जागी उभं राहायला त्यांना शिकवा. अगदी लहान मुलांना पिल्लाजवळ एकटं सोडू नका.

चघळायला भलतंच देणं

जुनी चप्पल दिली तर नवी का नाही, हे त्याला कळत नाही. शिजवलेली कोंबडीची हाडं नकोत, त्यांच्या कपच्या घशात आणि आतड्यात रुततात. खूप कडक हाडं आणि खूर यांनी दात तुटतात. अंगठ्याच्या नखाने जे जराही दबत नाही, ते देऊ नका. फ्रिजमधलं जाडसर गाजर किंवा ओला करून, पिळून फ्रीझरमध्ये ठेवलेला जुना नॅपकिन समोर बसून द्या, हिरड्यांना बरं वाटतं. पीनट बटर देत असाल तर डबीवर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना ते बघा, कुत्र्यांना ते विषारी असतं.

रक्त आलं तरी दुर्लक्ष करणं

"घरचंच आहे, पिल्लूच आहे" म्हणून जखमेवर हळद किंवा चुना लावून विषय संपवू नका. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात, तोपर्यंत त्याला संरक्षण नसतं. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लस घ्यायची का, किती डोस, हे त्यांना ठरवू द्या. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की तो जवळपास नेहमीच जीव घेतो.

काही चावणी मात्र खेळातली नसतात. भांड्याजवळ कोणी आलं की अंग ताठ करून गुरगुरणं, विशिष्ट जागी हात लागला किंवा उचललं की चावणं, चावून धरून ठेवणं, अशा वेळी आधी पशुवैद्याला दाखवा. कुठेतरी दुखत असण्याची शक्यता असते. सातव्या महिन्यानंतरही नव्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच असेल, तर तो काढावा लागू शकतो. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे जास्त दिसतं. ट्रेनर ठेवायचा असेल तर पिल्लाने चूक केली की तुम्ही काय करता, हे त्याला आधीच विचारा. उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा फटका आला, तर पिल्लू घेऊन तिथून निघा.