अमेरिकेत नव्याने आलात? लिव्हिंग ट्रस्टची पुस्तकं अशी वाचा

नोकरीवर रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात एचआरकडून फॉर्म येतात. त्यातला बेनिफिशियरीचा, म्हणजे तुमच्यामागे पैसे कोणाला मिळावेत याचा, रकाना बरेच जण घाईत भरतात, काही जण रिकामाच ठेवतात. घर नाही, फारशी शिल्लक नाही, मग कसलं इस्टेट प्लॅनिंग, म्हणजे आपल्यामागच्या मालमत्तेची व्यवस्था, असं वाटत असेल तर आधी तो रकाना नीट भरा.

भारतात नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेऊन सांभाळणारा, मालकी वारसांची. शेअर्सच्या बाबतीतही तेच लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. इथला बेनिफिशियरी मात्र साधारणपणे थेट मालक होतो, मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. लग्नाआधी आयुर्विम्यावर भावाचं नाव टाकलं आणि पुढे बदललंच नाही, तर रक्कम भावाकडे जाऊ शकते. लहान मुलांची नावं थेट टाकण्याआधीही विचार करा. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात विमा कंपनी मोठी रक्कम देत नाही, ती सांभाळायला कोर्टाकडून कोणीतरी नेमून घ्यावं लागतं.

आता लिव्हिंग ट्रस्टच्या, म्हणजे हयातीतच मालमत्ता विश्वस्ताच्या नावे ठेवण्याच्या व्यवस्थेच्या, पुस्तकांकडे वळू. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ३४६.७३ या क्रमांकाचं कपाट शोधा. सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत लिहिलेली कायद्याची पुस्तकं तिथे मिळतात. बर्कलीची नोलो ही प्रकाशन संस्था १९७१ पासून हेच काम करते आहे. पुस्तक हातात घेतलं की आधी आवृत्तीचं वर्ष बघा. केंद्रीय इस्टेट टॅक्सची, म्हणजे मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेवरच्या कराची, माफीची मर्यादा २०२५ मध्ये माणशी १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर होती, २०२६ साठी ती १ कोटी ५० लाख आहे. पाच वर्षं जुन्या पुस्तकातले आकडे धरून बसू नका.

पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, कंटाळाल. आधी मृत्युपत्राचं आणि मुलांच्या पालकत्वाचं प्रकरण वाचा. तुमच्यामागे मुलांचा पालक कोण हे सहसा मृत्युपत्रात लिहायचं असतं. नुसता ट्रस्ट करून ते साधत नाही. आपल्यासाठी हा सगळ्यात नाजूक भाग आहे. आजी-आजोबा, काका, मावशी सगळे तिकडे. त्यांचं नाव देता येतं, पण व्हिसा काढून ते इथे पोहोचेपर्यंत मुलं कोणाच्या घरी राहतील? हे ठरलेलं नसेल तर निर्णय सरकारी यंत्रणेकडे जाऊ शकतो. म्हणून जवळ राहणाऱ्या एखाद्या विश्वासू कुटुंबाशी मोकळेपणाने बोला आणि तात्पुरते पालक म्हणून त्यांचं नाव कागदावर आणा. असा विषय काढणं अनेकांना अभद्र वाटतं, मला ठाऊक आहे. तरीही काढा. मुलं तुमची आहेत.

मग प्रोबेट, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया. लिव्हिंग ट्रस्ट मुख्यतः हीच टाळण्यासाठी असतो. हयातीत तुम्हीच त्याचे विश्वस्त, हवा तेव्हा बदलता किंवा मोडता येतो, आणि तुमच्यामागे उत्तराधिकारी विश्वस्त कोर्टात न जाता वाटणी करतो. कॅलिफोर्नियात याला फार महत्त्व आहे. तिथे १० लाख डॉलरच्या मालमत्तेवर वकिलाची कायद्याने ठरलेली फी २३ हजार, आणि मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यालाही तेवढीच घेता येते. घरावर सात लाखांचं कर्ज असलं तरी हिशोब पूर्ण किमतीवरच होतो. काही राज्यांत मात्र प्रोबेट बरंच सोपं आहे. भाड्याने राहत असाल आणि सगळी बचत फोर-ओ-वन-के या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातच असेल, तर माझ्या मते ट्रस्टची घाई करू नका. रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमुळे आयकर वाचतो किंवा देणेकऱ्यांपासून संरक्षण मिळतं, असं फुकट सेमिनारमध्ये कोणी सांगितलं तर तिथून उठून या.

ट्रस्ट केलाच, तर घर त्याच्या नावावर करायला विसरू नका. खरेदीखतावर मालक म्हणून तुमची दोघांची नावं असतात, तिथे ‘अमुक फॅमिली ट्रस्टचे विश्वस्त’ असं लिहून नवीन खत काउंटीच्या (जिल्ह्याच्या) कार्यालयात नोंदवावं लागतं. ते झालं नाही तर सुंदर बाइंडिंगचा ट्रस्ट रिकामाच राहतो. राहतं घर असं स्वतःच्या ट्रस्टमध्ये घातलं म्हणून बँक लगेच पूर्ण कर्ज मागू शकत नाही. १९८२ च्या केंद्रीय कायद्याचं तसं संरक्षण आहे.

ही पुस्तकं बहुतेक वेळा वाचक आणि त्याचा जोडीदार दोघंही नागरिक आहेत असं धरून लिहिलेली असतात. नागरिक जोडीदाराला कितीही ठेवा, इस्टेट टॅक्स नाही. जोडीदार नागरिक नसेल, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी, ही अमर्याद सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी क्यूडॉट नावाचा वेगळा ट्रस्ट लागतो. वर सांगितलेली मोठी माफी ज्यांना मिळते, त्यांच्यापैकी बहुतेकांना याची झळ बसणार नाही. पण अमेरिका हे तुमचं कायमचं घर नाही असं कायद्याने ठरलं, तर इथल्या मालमत्तेवरची माफी फक्त ६० हजार डॉलर. अमेरिकन कंपन्यांचे शेअर्सही त्यात धरले जातात. भारताने इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच रद्द केली आणि या कराबाबत दोन देशांत करारही नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर हा प्रश्न वकिलाला नेमका विचारा.

भारतातल्या भावाला उत्तराधिकारी विश्वस्त नेमण्याआधीही विचारा, कारण परदेशी माणसाच्या हातात कारभार गेला की ट्रस्ट परदेशी ठरून कराचं नवं लचांड मागे लागू शकतं.

तिकडच्या फ्लॅटसाठी किंवा शेतीसाठी वेगळं भारतीय मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. मग इथल्या मृत्युपत्राचा मसुदा आला की पहिला परिच्छेद बारकाईने वाचा. ‘याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करतो’ हे वाक्य तिथे छापील असतं. ते तसंच राहिलं तर भारतातलं मृत्युपत्रही रद्द होऊ शकतं. भारतातल्या मालमत्तेचं मृत्युपत्र वगळून, अशी दुरुस्ती वकिलाकडून करून घ्या.

वकिलाकडे जाताना मालमत्तेची यादी, प्रत्येक खात्यावरचा बेनिफिशियरी आणि दोघांचं इमिग्रेशन स्टेटस लिहून न्या. फी एकरकमी आहे का आणि घराचं नवं खत नोंदवणं त्यात धरलं आहे का, हे सही करण्याआधी विचारा.