लूव्रला जाण्याआधी

सगळ्यात आधी वार बघा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, आणि तिथे तीनच दिवस असले की त्यात नेमका मंगळवार येतो. बुधवारी आणि शुक्रवारी ते रात्री ९ पर्यंत उघडं असतं. जमलं तर त्यातलाच एक दिवस धरा, संध्याकाळी जरा मोकळं वाटतं. तिकीट वेळेसकट ऑनलाइन काढा आणि फोनमध्ये उतरवून घ्या, रांगेत उभं राहिल्यावर नेट शोधायला लागू नये. पायात जुने, सवयीचे बूट हवेत. चाकांची बॅग हॉटेलवरच ठेवा, ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठं सामान आत नेता येत नाही. सेल्फी स्टिकही नको.

आता खरी तयारी: काय बघायचं नाही, ते आधी ठरवा. मांडलेल्या वस्तूच ३५ हजारांच्या घरात आहेत. कागदावर सात-आठ नावं लिहा, पुढे संग्रहालयाच्या तीन भागांपैकी कुठला, देनों, स्युली की रिशल्यू, हे टाका, आणि त्या दिवशी कुठली दालनं बंद आहेत ते संकेतस्थळावर पाहून खाडाखोड करा.

मोनालिसा यादीत असणारच, असू द्या. ७७ × ५३ सेंटिमीटरचं चित्र, काचेमागे, मध्ये उंचावलेले फोन. तिचं दर्शन झालं की मागे वळा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझे या इटालियन चित्रकाराचं ‘काना इथली लग्नाची मेजवानी’ हे चित्र आहे, जवळजवळ १० मीटर रुंद, आणि बहुतेकांची पाठ त्याच्याकडेच असते.

माझ्या यादीत मात्र रिशल्यू सगळ्यात वर. तिथे आजच्या इराकमधल्या खोर्साबादच्या प्राचीन असिरियन राजवाड्यातले पंखवाले, माणसाच्या तोंडाचे बैल उभे आहेत. त्यांचे पाय मोजा. समोरून दोन, बाजूने चार, एकूण पाच, कारण पुढचा एक दोन्हीकडून दिसतो! समोरून बैल थबकलेला दिसावा आणि बाजूने चालता, म्हणून शिल्पकाराने केलेली ही युक्ती. जवळच बाबिलोनचा प्राचीन राजा हम्मुराबी याच्या कायद्यांचा काळा दगड आहे, सव्वादोन मीटर उंच. १९०१ मध्ये तो बाबिलोनमध्ये नाही, इराणातल्या सुसाला सापडला, कारण लुटीत तिकडे गेला होता. घाई न करता जरा वाका: पुढच्या बाजूला खाली अक्षरं खरवडून काढलेला गुळगुळीत पट्टा दिसेल. फोटोत तो सहसा लक्षातच येत नाही. फोटो काढा, पण फ्लॅश बंद करून.

मध्ये अर्धा तास बसायला राखून ठेवा, विशेषतः बरोबर मुलं किंवा वयस्कर कुणी असेल तर.

आणि चुकामूक झाली तर भेटायचं कुठे, हे आत शिरण्यापूर्वीच ठरवा. पिरॅमिडखालचा हॉल नको, तिथे सगळेच कुणाला तरी शोधत असतात. सामोथ्रेस या ग्रीक बेटावरच्या पंखवाल्या विजयदेवतेचा पुतळा बरा. तिला डोकं नाही, पण जिन्याच्या माथ्यावर ती लांबूनही दिसते. जिन्याचं नाव पाटीवर ‘दारू’ असं वाचलं जाईल, तेवढं हसून घ्या.