115, 120, 130 वर्षांची माणसं? वयाचा दावा तपासताना या चुका टाळा

जगातल्या सगळ्यात वयस्कर माणसाची बातमी आली की दोन प्रकारचे लोक दिसतात, एक लगेच हात जोडणारे आणि दुसरे "सगळं खोटं असतं हो" म्हणून मोकळे होणारे. माझं दोघांशीही पटत नाही, कारण दोघंही कागद बघत नाहीत. मी बरीच वर्षं असले दावे वाचतेय, जुन्या रजिस्टरांचे फोटो झूम करकरून डोळे दुखेपर्यंत बघत बसते, आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळलीय, ती म्हणजे जन्माचा कागद खरा असणं वेगळं आणि समोर बसलेलं माणूस त्या कागदातलंच असणं वेगळं. बहुतेक सगळा घोळ या दोन्हींच्या मधल्या जागेत होतो.

जन्मदाखला मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि भल्याभल्यांनी केलीय. कॅनडातल्या पियेर जुबेरचं उदाहरण घ्या. जन्म 1701, मृत्यू 1814, म्हणजे 113 वर्षं, आणि दोन्ही नोंदी चर्चच्या वहीत अगदी व्यवस्थित. कित्येक वर्षं हा विक्रम गिनीज बुकात होता. मग लोकसंख्येच्या अभ्यासकांनी घराण्याची सगळी नोंद उलगडली तेव्हा कळलं की ही दोन माणसं आहेत, एकाच नावाचे बाप आणि मुलगा. 1701 मध्ये जन्मलेला बाप 65 व्या वर्षीच गेला होता आणि 1814 मध्ये गेला तो त्याचा मुलगा, वय 82 च्या आसपास. कोणी फसवलं नव्हतं, दोन्ही कागद अस्सल होते, फक्त ते चुकीच्या माणसाला जोडले गेले.

जपानच्या शिगेचियो इझुमींच्या बाबतीत पण शंका हीच आहे. 1986 मध्ये ते गेले तेव्हा गिनीजच्या हिशेबाने वय 120, आणि नंतर संशोधकांचं मत असं पडलं की ती जन्मनोंद बहुधा आधी वारलेल्या मोठ्या भावाची असावी आणि तेच नाव धाकट्याला दिलं गेलं असावं, तसं असेल तर वय 105 च्या आसपास येतं. आणि हे अजिबात विचित्र नाहीये, ज्या काळात निम्मीअर्धी मुलं लहानपणीच जायची त्या काळात गेलेल्या बाळाचं नाव पुढच्या बाळाला द्यायची पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी होती. आईबापांनी ते मायेपोटी केलेलं असतं, शंभर वर्षांनी कोणीतरी त्यावरून विक्रम मोजेल हे त्यांच्या ध्यानीमनी कसं असणार.

म्हणून करायचं काय, तर जन्मनोंद सापडली की आधी त्या घरातली सगळी भावंडं शोधायची. त्याच नावाचं बाळ आधी गेलंय का, बापाचं किंवा आत्याचं नाव तेच आहे का, हे बघायचं. मग त्या व्यक्तीला आयुष्यभर पकडून ठेवायचं, म्हणजे लहानपणीची जनगणना, शाळा किंवा चर्चची नोंद, लग्न, मुलांचे जन्म, नवऱ्याचा किंवा बायकोचा मृत्यू, म्हातारपणीचं ओळखपत्र. मध्ये तीस-चाळीस वर्षांचं भगदाड असेल तर तिथे माणूस बदललेला असू शकतो. हे नीट केलेलं बघायचं असेल तर ख्रिश्चन मॉर्टेन्सनची केस बघा, 1882 मध्ये डेन्मार्कमध्ये जन्म आणि 1998 मध्ये अमेरिकेत मृत्यू, वय 115 वर्षं 252 दिवस. माणूस तरुणपणीच समुद्र ओलांडून गेला, तरी अभ्यासकांनी डॅनिश चर्चच्या वह्या, तिथल्या जनगणना आणि पुढचे अमेरिकेतले कागद एकाला एक जोडत आणले, म्हणून तो दावा आजही टिकून आहे.

रजिस्टरात जिवंत म्हणजे जिवंत नाही

2010 च्या जुलैमध्ये टोकियोत सोगेन काटो नावाच्या गृहस्थांच्या घरी अधिकारी गेले, कागदोपत्री वय 111, शहरातले सगळ्यात वयस्कर पुरुष. आत खाटेवर सुकून गेलेलं शव सापडलं. ते बहुधा 1978 च्या सुमारासच वारले होते आणि घरच्यांना त्यांच्या नावावर पैसे मिळत राहिले. यानंतर जपानभर शोधाशोध झाली तर कौटुंबिक नोंदवहीत, म्हणजे कोसेकीत, शंभरीपुढचे 2 लाख 34 हजारांहून जास्त लोक असे निघाले ज्यांचा पत्ताच नव्हता. त्यातले 884 जण कागदावर दीडशेच्या पुढे होते!

पण इथे उलटी चूक करू नका. ही बातमी वाचून बरेच जण म्हणतात की जपानी लोकांचं दीर्घायुष्यच खोटं. कोसेकी वेगळी आणि रहिवासी नोंद वेगळी. कोसेकीतली बरीचशी नावं युद्धात गेलेल्या, परदेशी गेलेल्या, ज्यांचा मृत्यू कोणी कळवलाच नाही अशा लोकांची, आणि त्यांना कोणी पेन्शन देत नव्हतं. आयुर्मान काढताना जनगणना वापरतात, कोसेकी नाही. तरीपण शंभरीनंतरच्या आकड्यांकडे जपूनच बघायला हवं, कारण तिथे खरी माणसं इतकी थोडी असतात की चार चुकीच्या नोंदी घुसल्या तरी चित्र बदलतं. अभ्यासक सॉल न्यूमन हेच सांगतात, त्यांनी दाखवलं की अमेरिकेतल्या राज्यांमध्ये जन्मनोंदणी नीट सुरू झाली तसे 110 च्या पुढचे लोक 69 ते 82 टक्क्यांनी कमी झाले. याच कामासाठी त्यांना 2024 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यांचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाहीत, पण हा आकडा विसरू नये.

कागद कधी बनला ते आधी बघा, कशाचा आहे ते नंतर

इंडोनेशियातले म्बाह गोथो 2017 मध्ये गेले तेव्हा ओळखपत्रावर जन्म 31 डिसेंबर 1870, म्हणजे 146 वर्षं. अझरबैजानचे शिराली मुस्लिमोव 1973 मध्ये गेले, पासपोर्टवर जन्म 1805, म्हणजे 168. आता मला सांगा, पासपोर्टवर 1805 लिहिणाऱ्या कारकुनाने ते कशावरून लिहिलं? म्हातारपणी बनवलेल्या कागदावर सांगितलेलं वय उतरतं, आणि तो कागद सरकारी असला तरी त्याची किंमत त्या सांगण्याएवढीच. सोव्हिएत काळात कॉकेससमधले, म्हणजे अझरबैजान वगैरे डोंगराळ भागातले, असले आजोबा कौतुकाचा विषय होते, पेपरात फोटो यायचे. सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी 1974 मध्ये याची कारणं मांडली, त्यातलं एक मला फार पटतं, की सैन्यभरती चुकवायला पोरांनी बापाचे किंवा मोठ्यांचे कागद वापरले आणि मग तेच वय आयुष्यभर चिकटलं.

इक्वेडोरचं विल्काबांबा गाव पण असंच गाजलेलं. तिथल्या मिगेल कार्पिओंनी 1970 मध्ये वय 121 सांगितलं आणि काही वर्षांनी संशोधक परत गेले तर मध्ये गेलेल्या वर्षांपेक्षा वय जास्तच वाढलेलं. पुढे मॅझेस आणि फोरमन या संशोधकांनी चर्चच्या नोंदी तपासल्या तेव्हा शंभरी सांगणाऱ्यांचं सरासरी खरं वय निघालं 86, आणि खरोखर शंभरी गाठलेलं कोणीच सापडलं नाही. वय सत्तरीनंतर फुगायला लागतं, कारण तिथून पुढे वयाला मान मिळतो. त्याआधी उलटं असतं, चाळिशीतल्या बाया दर जनगणनेला दोनतीन वर्षं कमी सांगतात, म्हणजे दहा वर्षांनी वय सातच वर्षांनी वाढलेलं दिसतं. असं दिसलं की घाबरून दावा बाद करू नका, फक्त सगळ्यात जुन्या नोंदीला जास्त मान द्या, जी आईबापांनी बाळ असताना केली आणि ज्यात कोणाचा काही फायदा नव्हता.

कॅलेंडरचं थोडक्यात सांगते. रशियात 1918 पर्यंत ज्युलियन, म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या, तारखा चालायच्या, तिथे बारा-तेरा दिवसांचा फरक पडतो. पूर्व आशियात जुन्या मोजणीत जन्मताच वय एक धरायचे. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे चांद्र मोजणीचे 120 म्हणजे आपले साधारण 116. आणि जन्मतारीख 1 जानेवारी किंवा साल शून्याने संपणारं दिसलं तर ते बहुधा अंदाजाने लिहिलंय असं धरून चाला.

अजून एक साधा हिशेब लोक विसरतात, मुलांची वयं मांडा. बाई 125 ची आणि धाकटं लेकरू पन्नाशीचं असेल तर पंचाहत्तरीत बाळंतपण झालं म्हणायचं का?

शंका घेणाऱ्यांनाही पुरावा लागतो

आता झान कॅलमां. जन्म 21 फेब्रुवारी 1875, फ्रान्समधलं आर्ल, मृत्यू 4 ऑगस्ट 1997, 122 वर्षं 164 दिवस, आणि एवढं वय दुसऱ्या कोणाचंही सिद्ध झालेलं नाही. 2018 मध्ये निकोलाय झाक आणि वालेरी नोवोसेलोव या रशियन अभ्यासकांनी म्हटलं की झान 1934 मध्येच वारल्या आणि त्यांची मुलगी इव्हॉन आईच्या नावाने पुढे जगली, वारसा कर वाचवायला. बातमी आगीसारखी पसरली, आणि मला वाईट याचं वाटलं की ज्यांनी एकही नोंद बघितली नव्हती त्यांनी एका रात्रीत त्या बाईंना लबाड ठरवून टाकलं.

शंका घ्यायलाच हवी, 122 हा आकडाच इतका एकटा पडलेला आहे की प्रश्न येणारच. पण अदलाबदल झाली म्हणता तर ती कशी जमली तेही सांगावं लागतं. 1934 मध्ये इव्हॉनची अंत्ययात्रा निघाली तेव्हा गावातले बरेच लोक आले होते. नातू जेमतेम सात वर्षांचा, त्याने त्या दिवसापासून स्वतःच्या आईला आजी म्हणायला शिकायचं. झानचे पती फेर्नां 1942 पर्यंत होते, म्हणजे त्यांनी आठ वर्षं मुलीला बायको म्हणून मिरवायचं, तेही ज्या गावात त्यांचं मोठं दुकान होतं आणि सगळे ओळखत होते तिथे. फ्रेंच लोकसंख्या-अभ्यासक झां-मारी रोबीन आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये उत्तर देताना हेच सगळं कागदांसकट मांडलं, झान 14 जनगणनांमध्ये सापडतात हेही त्यात आलं. डोळ्यांचा रंग, उंची, जुन्या फोटोतलं नाक यावरून भांडणं करणाऱ्यांनी आधी हे वाचावं. फोटोवरून वय किंवा ओळख ठरवणं ही दोन्ही बाजूंनी केलेली चूक आहे.

आणि या वादात एक सरळ कसोटी आहे. झान आणि फेर्नां एकमेकांचे दुहेरी नात्याने चुलत-मावस भावंडं लागायचे, दोघांचे आजे सख्खे भाऊ आणि आज्या सख्ख्या बहिणी. त्यामुळे झानचे खापर पिढीतले पूर्वज 16 वेगवेगळे येतात आणि इव्हॉनचे फक्त 12. जवळच्या नात्यातल्या लग्नाची खूण मुलाच्या डीएनएमध्ये लांब एकसारख्या तुकड्यांच्या रूपात राहते. म्हणजे 1997 मध्ये गेलेल्या बाई इव्हॉन असतील तर ती खूण त्यांच्या रक्तात असायला हवी, आणि झान असतील तर नको.