फणसाच्या स्टुलाचा हलणारा पाय

पावसाळ्यात जुळवलेलं फणसाचं स्टूल मार्चपर्यंत डुगडुगायला लागतं, ते लाकडातल्या ओलाव्यामुळे. कोकणच्या दमट हवेत फुगलेलं लाकूड नंतर धाग्यांच्या रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. मग कुसू, म्हणजे आडव्या दांडीचं पायाच्या भोकात बसणारं टोक, सैल पडतं.

ठोकळा आड धरून मोगरीनं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, सांधा सोडवला. कुसवावरचा जुना गोंद पटाशीनं पार खरवडला. इथे घाई अजिबात नको, जुन्या थरावर नवा गोंद धरत नाही.

पाय 36 मिमी, कुसू 12 मिमी जाड, आरपार. कुसवाला टोकाकडून दोन-तृतीयांश लांबीपर्यंत करवतीची, पायाच्या रेषांना आडवी येईल अशी चीर दिली. चिरेच्या शेवटी 3 मिमीचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. पायातल्या भोकाचं बाहेरचं तोंड वर-खाली 1-1 मिमी वाढवलं. ऐनाच्या लाकडाची, जाड टोकाला 3 मिमीची पाचर चिरेत गोंद लावून ठोकली. पाचर पायाच्या रेषांना आडवीच हवी. उभी ठोकली की पाय चिरलाच! ठोक्याचा आवाज बोदा होता तो टणक झाला, तिथेच थांबलो.

24 तासांनी उरलेलं टोक कापून रंधा मारला.