ईसीजी नॉर्मल येतोय तरी जीव घाबरा होतोय? मग हे करून बघा

आमच्या मायला दोन वर्षं हेच व्हायलं होतं. छातीत धडधड, मान आखडलेली, रात्री दोनला उठून बसायची, आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं की ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, अशक्तपणा आहे म्हणून सलाईन लावायचे अन् परत घरी. चिंतेचाही आजार असतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आपल्याकडं पाऊस, सोयाबीनचा भाव, सोसायटीचं कर्ज, ऊसतोडीला गेलेली लेकरं, घोर लागायला कारणं कमी नाहीत, म्हणून 'चिंता कुणाला नाही' म्हणून आपण सोडून देतो. पण पाऊस पडला, पैसे आले तरी घोर जात नसंल, एक गेला की दुसरा धरत असंल, आणि असं सहा महिने बहुतेक रोज चाललं असंल, सोबत थकवा, चिडचिड, अंग आखडणं, झोप नसणं, तर तो आजार असू शकतो.

घरीच एक तपासणी करता येते, जीएडी-७ म्हणतात. मागचे दोन आठवडे धरून सात गोष्टी विचारायच्या: जीव घाबरा होतो का, चिंता थांबवता येत नाही का, नाही नाही त्या गोष्टींची चिंता लागते का, निवांत बसता येत नाही का, एका जागी ठरत नाही का, चिडचिड होते का, काहीतरी वाईट होणार असं वाटतं का. अजिबात नाही ० मार्क, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. बेरीज १० किंवा त्याच्या वर गेली की डॉक्टर गाठा. म्हाताऱ्या माणसाला फॉर्म वाचून दाखवू नका, चहा पिता पिता आपल्या बोलीत विचारा, माय तशीच बोलली.

आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासा, त्यानंबी धडधड होते. मग जिल्ह्याच्या सिव्हिलला मनोविकार ओपीडी, नाहीतर संभाजीनगरचा घाटी दवाखाना किंवा अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज. जुने सगळे कागद सोबत न्या. जाणं जमत नसंल तर १४४१६ लावा, टेलिमानस म्हणजे सरकारची मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाईन, फुकट आहे, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलतात.

गोळ्यांचं मात्र नीट ऐका. चिंतेसाठी डॉक्टरनं दिलेल्या रोजच्या गोळीचा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आठ दिवसात काही होईना म्हणून बंद करू नका, आणि बरं वाटलं म्हणून मनानं पण नको. मेडिकलवरून मागून आणलेली अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी वेगळी, तिची सवय लागते, दारूसोबत तर जिवावर बेतते. गोळीइतकाच समुपदेशनाचा पण उपयोग होतो.

हे एका घरापुरतं नाही हो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता असल्या आजारांच्या दर १०० पैकी ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. मग ही माणसं बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवतात, कामाचे दिवस बुडतात, कुणी दारूकडं वळतं, आणि गावचा दवाखाना गॅस अन् अशक्तपणाच्या पेशंटनी भरलेला राहतो.

आणि घरातलं कुणी जगण्यात राम नाही असं बोलायलं तर त्या दिवशी एकटं सोडू नका. फवारणीचं औषध कुलपात टाका, चावी दुसऱ्याकडं द्या, मग १४४१६ लावा.