बारशाचे हललेले फोटो आणि डीएसएलआरचे पहिले धडे

भाचीच्या बारशाला मी नवा कोरा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) गळ्यात अडकवून मिरवत होतो. कॅनन १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स, आणि कुठूनतरी ऐकलेलं ज्ञान: आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) कायम १०० ठेवायचा, म्हणजे फोटो स्वच्छ येतो. दोनशेच्या वर फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर बघताना ताई म्हणाली, "मागचं तोरण छान आलंय रे. बाळ कुठाय?"

बाळाच्या जागी गुलाबी धूर होता. हॉलमध्ये ट्यूबलाइट, लेन्स पूर्ण झूम करून ५५वर, आणि तिथे ही लेन्स एफ/५.६पेक्षा (एफचा आकडा म्हणजे लेन्स किती उघडी आहे याचं माप) जास्त उघडतच नाही. त्यात आयएसओ १००. फोटोपुरता उजेड गोळा करायला कॅमेऱ्याला पाव सेकंद लागत होता. पाव सेकंद बाळ गप्प राहत नाही, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करणाऱ्या आत्या-मावश्या तर नाहीच नाही.

तुम्हीही असा कॅमेरा घेतला असेल, तर दुसरी लेन्स घ्यायच्या आधी एवढं करा.

आधी डोळा लावा. व्ह्यूफाइंडरच्या (डोळा लावून बघायच्या खिडकीच्या) कडेला एक बारीक चाकी असते. आतले आकडे कोरीव दिसेपर्यंत ती फिरवा. चष्मेवाल्यांनी तर नक्कीच. मी महिनाभर ही चाकी पाहिलीच नव्हती आणि फोकस नीट होत नाही म्हणून लेन्सला शिव्या देत होतो.

डायल हिरव्या ऑटोवरून काढा. हिरव्यावर अंधार जाणवला की फ्लॅश आपणहून टपकन वर येतो आणि पणतीच्या उजेडातली आजी पासपोर्ट फोटोतल्यासारखी दिसते. डायल एव्हीवर आणा (निकॉनवर नुसतं ए); इथे एफचा आकडा तुम्ही निवडता, शटरचा वेळ कॅमेरा. एफचा आकडा जमेल तितका लहान ठेवा. आकडा लहान तेवढी लेन्स जास्त उघडी.

आता शटरचा आकडा वाचा, म्हणजे फोटोसाठी उजेड किती वेळ आत येणार ते. बटण अर्धं दाबलं की तो व्ह्यूफाइंडरमध्ये खाली दिसतो. सगळी मेख इथेच आहे. नुसतं ६० असेल तर त्याचा अर्थ सेकंदाचा साठावा भाग. बसलेल्या माणसाला १/६० चालून जातं, खेळणाऱ्या पोराला निदान १/२५० हवं. आकडा कमी पडला तर आयएसओ वाढवा. दर वेळी आयएसओ दुप्पट केला की लागणारा वेळ निम्मा होतो. माझ्या बारशाचा हिशेब बघा: १००ला १/४, २००ला १/८, ४००ला १/१५, ८००ला १/३०, १६००ला १/६०. शिवाय झूम १८वर आणलं असतं तर लेन्स एफ/३.५पर्यंत उघडली असती आणि वेग आणखी दुपटीहून जास्त मिळाला असता. म्हणजे झूम सोडून चार पावलं पुढे जायचं होतं, बस्स. १६००ला थोडे दाणे येतात. येऊ देत. दाणेदार बाळ ओळखू येतं, हललेलं येत नाही.

पोरं फारच धावत असतील तर डायल टीव्हीवर (हो, नाव तेच; निकॉनवर एस), इथे शटरचा वेळ तुम्ही निवडता; १/२५० लावा आणि आयएसओ ऑटोवर सोडा.

फोकसचा ठिपका स्वतः निवडा. नऊ ठिपक्यांपैकी कुठला घ्यायचा हे कॅमेऱ्यावर सोडलं, की तो बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणजे नाकाऐवजी हातातला लाडू. मधला ठिपका लावा, डोळ्यावर धरा, बटण अर्धं दाबून तसंच ठेवा, हवी तशी चौकट जुळवा, मग पूर्ण दाबा.

पांढरं पांढरं दिसतंय का बघा. कॅमेऱ्याच्या मोजमापाला जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. दिवे घाटात पांढऱ्या धोतर-सदऱ्यातल्या वारकऱ्यांनी चौकट भरली की तो तिला काळवंडून टाकतो. काळ्या पाषाणाचं देऊळ समोर आलं की उगाच उजळवून दगड फिकट करतो. १५००डीवर स्क्रीनशेजारचं एव्ही अधिक-उणेचं बटण दाबून धरा आणि वरची चाकी फिरवा. पांढऱ्याला अधिक (फोटो उजळतो), काळ्याला उणे (गडद होतो). दोन तृतीयांशापासून सुरुवात करा, पडद्यावर बघा, मग पुढे-मागे करा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाला तर अख्खा एक अधिक लागतो.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) वगैरे नंतर बघू. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, वाऱ्याकडे पाठ, एवढं पुरे.

पावसाळ्याचं मात्र आत्ताच सांगतो. कॅमेरा कपाटात बॅगेतच बंद राहिला तर कोकणात, मुंबईत लेन्सला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणा, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या टाका आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा. आईने सुचवलं होतं, "तांदळाच्या डब्यात ठेव, ओल ओढून घेतात." ठेवला एकदा. झूमच्या खाचेतली तांदळाची पिठी अजून ब्रशने काढतोय.